होतं तसं

दुकानातून आले, चपला काढल्या आणि सवयीनं उजवा हात भिंतीवर नेऊन दिवा लावला. दिवा लागला. एवढंच झालं. पुढे दोन पावलं टाकल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण ठकीच्या खोलीच्या दारातलं बटण दाबलंय. आमच्या घरात शिरलं की जी बोळकांडी लागते तिला स्वतःचा दिवा नाही, कधीच नव्हता. म्हणून येणारा आधी ठकीच्या खोलीचा दिवा लावायचा आणि माझी धाकटी बहीण आतून करवादायची, अगं बये, माणूस झोपलंय इथे. पण ती गोष्ट केव्हाची. मधली कित्येक वर्षं त्या जागी बटण सोडा, भिंतच नव्हती. निळी ताडपत्री होती, आणि वारा सुटला की ती फडफडत राहायची. आता भिंत आहे. विटा चढल्या, गिलावा झाला, हे सगळं मी रोज बघत होते. पण बटण आज बसलं आणि माझा हात मला न विचारता थेट त्याच्यावर गेला. चौकटीपासून वीतभर, खांद्याच्या थोडं खाली. ते कुठे होतं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला मलाच माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आलीस का. मी म्हटलं, आले. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून दिवा घालवला आणि अंधारातच पाय धुवायला गेले.

राग त्या हाताचा आला होता. परवा सकाळी वॉर्डाचा कारकून येणार, खोलीच्या मधोमध उभा राहणार आणि मला विचारणार, होतं तसं झालं का? मी एक शब्द म्हणायचा, पटलं. माझं अजून काही ठरत नव्हतं, जेवताना ठरत नव्हतं, दुकानात ठरत नव्हतं, आणि हा मेला हात माझ्याआधी पटलं म्हणून मोकळा झाला. सगळं तोंडी असतं. ज्या इमारतीत शहराचे नकाशे नि कागदपत्रं होती ती हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी जळाली, त्यामुळे कुणाची खोली केवढी होती याला पुरावा म्हणून काही उरलाच नाही. म्हणून करारात ठरलं की घरवाल्याचा शब्द प्रमाण. ज्या देशानं पाडलं त्यानं आपली माणसं पाठवायची, त्यांनी आपल्या हातांनी होतं तसं बांधून द्यायचं, आणि घरवाला पटलं म्हणेपर्यंत त्या माणसानं आपल्या घरी जायचं नाही. आधी ते पैसे द्यायला निघाले होते. आमच्या लोकांनी आयुष्यात एकदा शहाणपणा केला आणि सांगितलं, पैसे कसले फेकता, या आणि बांधा. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. गल्लीत सगळ्यांनाच वाटलं होतं. ती माणसं बसमधून उतरली, हातात हत्यारांच्या पिशव्या, खाली माना, आणि आम्ही खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत होतो, ज्यांना खिडक्या होत्या ते.

त्यांचं सैन्य का आलं होतं म्हणाल तर त्यांनी कारण सांगितलं होतं. आमच्या देशात काहीतरी लपवून ठेवलंय म्हणे, त्यानं त्यांना धोका आहे. काय लपवलंय ते शेवटपर्यंत धड कळलं नाही. त्यांनी शोधलं भरपूर. पुढे त्यांचं सरकार पडलं, नवं आलं, आणि त्या सरकारातल्या एक बाई रेडिओवर बोलल्या. आवाज चांगला होता, थोडा घोगरा. म्हणाल्या, ज्या कारणासाठी आमचं सैन्य तिथे गेलं ते कारण नव्हतं. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली आणि मला विचारलं, मग आले कशाला? जसे काही मीच बोलावले होते. मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं पुन्हा भाजीत डोकं घातलं. मला मात्र ते वाक्य चावत राहिलं. कारण खोटं निघालं असतं तर निदान कुणीतरी खोटं बोललं असं म्हणता आलं असतं. नव्हतंच म्हटल्यावर भांडायचं कशाशी? गल्लीत पाणी भरताना कुणाची कळशी कुणाला लागली तर माणूस म्हणतो, अहो चुकून लागली. इथे तेही नाही.

आमच्या वाट्याला आला तो गवंडी. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. सैन्यातला माणूस पाठवायचा नाही असा नियम असल्यामुळे ते सगळे साधे लोक आहेत, सोडतीत नाव निघालं म्हणून आलेले. पहिल्या दिवशी त्याला बघून माझ्या मनात आलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि लगेच स्वतःचा संताप आला. संन्यासी कसला. रणगाडे निघाले तेव्हा हा कुठे होता? रस्त्याच्या कडेला उभा राहून हात हलवत होता? की घरात बसून चहा पीत होता? चहा पिणं हा गुन्हा नाही, हे मला कळतं. पण त्याचा चहा गरम होता तेव्हाच इकडे आमची भिंत गेली, हेही मला कळतं, आणि ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसायला तयार नाहीत. त्यांच्याकडे वर्गात बसवून त्यांना आमची भाषा शिकवली आहे. तो पुस्तकातलं बोलतो. मला पिण्यास पाणी मिळेल काय. आज मी दक्षिणेकडील भिंतीचे काम करीन. आई पदर तोंडाशी धरून हसायची. मग हळूहळू ती त्याला चहा द्यायला लागली. मग चहाबरोबर खायला. कपबशी तो धुऊन पालथी घालायचा ती मी पुन्हा धुवायची.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि विचारते, आता बरं दिसतं की आधी दिसत होतं? लोक पटकन म्हणतात, आता. निम्म्यांना काहीएक फरक दिसत नसतो, पण एवढी बाई विचारतेय तर काहीतरी म्हणायला हवं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही. खांदे बघते. खरंच दिसलं की खांदे आपोआप खाली येतात. दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले होते, तीन वेळा काच बदलली, तीन वेळा त्यांनी आता म्हटलं, आणि मी एकदम वसकन म्हटलं, काका, दिसत नसेल तर नाही म्हणा ना, नाही म्हणायला काय जातं? दुकानाचे मालक काउंटरवरून बघायला लागले. म्हातारे गोरेमोरे झाले. म्हणाले, अहो, तुम्ही इतका वेळ खटपट करताय. मला रडू येईल असं वाटलं. हेच, अगदी हेच, सबंध शहरात चाललंय. समोरच्या इमारतीतल्यांनी पटलं म्हटलं. कोपऱ्यावरच्या शाळेनं म्हटलं. लोक म्हणतात आणि बस भरून माणसं परत जातात. त्यांच्या वर्तमानपत्रात येतं, काम लवकरच संपेल. वॉर्डाचा कारकून मागे एकदा मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला होता, ताई, तुमच्या गल्लीत तुमचंच तेवढं राहिलं, पटलं म्हणा आणि मोकळ्या व्हा. मी घरी येऊन तासभर मोकळं होणं म्हणजे काय याचा विचार करत बसले. सगळ्यांचं पटून झालं की प्रकरण मिटलं. मग कुणी कुणाला काही विचारायचं कारण नाही. मग ठकीचं काय? भिंत पडली तिला भिंत मिळाली. फरशी फुटली तिला फरशी मिळाली. ठकी कुठे बसते यात? मला सूड वगैरे नको आहे. खोटं कशाला बोलू, हवा आहे, पण तो घ्यायचा कुणावर? त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईंवर? आमच्या कपबश्या धुणाऱ्या गवंड्यावर?

हल्ल्याच्या तिसऱ्या दिवशीची दुपार होती. आमच्या गल्लीत दोन दिवस काही झालं नव्हतं म्हणून लोकांना धीर आला होता. ठकीनं ठरवलं की उद्या ऑफिस उघडेल, आणि उघडलं तर आपण चुरगळलेल्या कपड्यांनी जायचं नाही. ती खोलीत इस्त्री करत होती. मी आणि आई स्वयंपाकघरात मिळतील तेवढी भांडी पाण्यानं भरून ठेवत होतो. आवाज मला आठवत नाही. सगळे म्हणतात फार मोठा झाला. मला आठवतं ते एवढंच की हातातलं पातेलं हातातच होतं, त्यातलं पाणी सांडलं नव्हतं, आणि बोळकांडीतून उजेड येत होता. तिथून उजेड कधीच यायचा नाही. ठकीच्या खोलीला खिडकी नव्हती, नुसता वरती एक झरोका होता, आणि यावरून तिनं आमचं डोकं खाल्लं होतं. ही खोली नाही, डबा आहे, मला डब्यात ठेवलंय तुम्ही. थोरलीला रस्त्याची खोली आणि मला डबा. बाबा होते तेव्हा म्हणायचे, बघू, पुढच्या वर्षी भिंत फोडू. तर पातेलं धरून मी त्या उजेडाकडे बघत राहिले आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की अरे, किती छान उजेड येतोय. हे मी आईलाही कधी सांगितलेलं नाही.

आणि आईनं काय करावं? गवंड्यानं काम सुरू करताना विचारलं, खोली कशी होती ते सांगावे. मी दुकानात. आईनं सांगितलं, पूर्वेच्या भिंतीला मोठी खिडकी होती. चांगली रुंद, आणि तिला बसायला कट्टा. घरवाल्याचा शब्द प्रमाण. संध्याकाळी मी येऊन बघते तर भिंतीत हे एवढं मोठं भगदाड सोडलेलं, आणि आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेली. मी कपाळाला हात लावला. आई, तिथे खिडकी नव्हती. होती, म्हणाली. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, मला विचारलं, मी सांगितलं, तुला विचारलं असतं तर तू सांगायचं होतंस. मी गवंड्याला सांगितलं, हे चूक आहे, बुजवा. त्यानं दुसऱ्या दिवशी बुजवलं. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेल्यावर आईनं पुन्हा फोडायला लावलं. असं किती वेळा झालं ते गल्लीला विचारा, गल्लीला फुकटची करमणूक झाली. गवंडी बिचारा विटा काढून घासून पुन्हा रचून ठेवायचा. एकदा आम्हा दोघींसमोर उभा राहून म्हणाला, कृपया घरातील व्यक्तींनी एकमत करावे. आई हसली आणि मला तिचं हसणं सहन झालं नाही. मी त्याच्यादेखत ओरडले, की होतं तसं म्हणजे होतं तसं, तुझ्या मनात येईल तसं नव्हे, आपण खोटं सांगितलं तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय. आई उठली, पदरानं खुर्ची पुसली आणि शांतपणे म्हणाली, "होतं तसं कोण देणार आहे गं? मग निदान जे कधी दिलं नाही ते तरी घेऊ दे तिला." त्या दिवसापासून मी खिडकीबद्दल बोलायचं सोडलं. पण मनातून सोडलं नव्हतं.

त्याऐवजी मी बाकीचं धरलं. फरशीचा रंग एक छटा जास्त काळपट आहे. त्यानं बदलली. दार आतल्या बाजूला उघडायचं. त्यानं बिजागऱ्या फिरवल्या. त्या कोपऱ्यात भिंतीला फुगवटा होता. त्यानं गिलावा खरवडून फुगवटा केला, आणि तो करताना जीभ दातात धरून इतकं मन लावून करत होता की मला खोलीबाहेर जावं लागलं. खरं म्हणजे फुगवटा होता की नव्हता हे मला आठवत नाही. हेच तर भय होतं. मी जितकं सांगत गेले तितकं माझ्या डोक्यातली जुनी खोली पुसट होत गेली आणि जी तो बांधत होता तीच दिसायला लागली. डोळे मिटून ठकी कुठे झोपायची ते आणायला गेले तर ती याच्या नव्या भिंतीला टेकून झोपलेली दिसायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नुसत्या न्हाणीघरासाठी दोन कारागीर बदलले होते. पटत नसेल तर घरवाला माणूस बदलून मागू शकतो, तशी सोय आहे. मग जाणारा येणाऱ्याला दारात उभं राहून काय राहिलंय ते सांगतो आणि आपल्या देशी जातो. काकू म्हणाल्या, तूही बदल, हा फार संथ आहे. मी बदलला नाही. मला तो जायला नको होता. गेला की आमच्या घरात त्या देशाचं कुणीच उरलं नसतं, आणि मग मी कुणाला जाब विचारणार होते? पण मी विचारत तरी कुठे होते. मी फरशी बदलायला लावत होते. आणि संध्याकाळी जिना चढताना वरून थापीचा आवाज आला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं, हे कुणाला सांगू.

म्हाताऱ्यांवर वसकन ओरडले त्या दिवशी मी अर्ध्या दिवसानं दुकानातून निघाले. मालकांना डोकं दुखतंय म्हटलं. दुखतही होतं. घरी आले तेव्हा आई पडली होती आणि गवंडी न्हाणीघरात हत्यारं धूत बसला होता. सगळं चकचकीत करून फडक्यावर मांडलेलं. उद्या सुटणार याची त्याला खात्री होती. मी दारात उभी राहिले आणि विचारलं की बटण तिथे बसवायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्याला वाटलं चुकलं. घाईनं उठायला लागला. मी म्हटलं, चुकलं नाही, म्हणून विचारते. मग तो मला खोलीशी घेऊन गेला आणि बटणाच्या खालच्या बाजूला बोट ठेवून सांगायला लागला. गिलावा ओला होता तेव्हापासून तो बघत होता. रोज सकाळी त्या जागी बोटांच्या खुणा उमटलेल्या असायच्या, चार बोटं, एकाच जागी. तो त्या पुसून भिंत सारखी करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी त्याला वाटलं कुणी मुद्दाम करतंय. मग एकदा त्यानं मला घरी येताना पाहिलं. मी चपला काढल्या, भिंतीला हात लावला, आणि पुढे गेले. त्यानं तिथे खिळा ठोकून खूण केली आणि वायर तिथे आणली. हे सगळं त्यानं पुस्तकी भाषेत, शब्द शोधत शोधत सांगितलं. मी भिंतीला धरून खाली बसले. इतके दिवस मी रोज ठकीचा दिवा लावत होते आणि मला पत्ता नव्हता.

तो घाबरला. पाणी आणू काय म्हणाला. मी नको म्हटलं. आणि मग जे मी इतके महिने विचारायला हवं होतं, फरशी आणि बिजागऱ्या सोडून, ते तोंडातून निघालं.

"इथे कोण राहायचं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

तो उभाच होता. ओले हात त्यानं अंगापासून लांब धरले होते. म्हणाला, "विचारायचे नाही असे शिकवले आहे. वर्गात पहिल्या दिवशी. भिंतीविषयी विचारा, वस्तूंविषयी विचारा. माणसाविषयी विचारू नका."

"का?"

"माणसाविषयी विचारले तर काम संपणार नाही. असे ते म्हणाले."

किती सरळ होतं ते. कुठल्यातरी ऑफिसात, टेबलाभोवती, चांगली शिकलेली, चांगल्या मनाचीही असतील कदाचित, अशी माणसं बसली आणि त्यांनी नीट विचार करून ठरवलं की काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, आणि जे होत नाही त्याच्याकडे बघायचंच नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. आजवर मला वाटायचं त्यांना माहीत नाही, सांगितलं की कळेल. त्यांना आधीपासून माहीत होतं आणि म्हणूनच विचारायची मनाई होती. मी त्याला म्हटलं, बसा. तो बसला, बोळकांडीत, माझ्यासमोर, पाय आखडून. आणि मी त्याला ठकी सांगितली. काय काय सांगितलं ते आता सगळं आठवत नाही. ती ठेंगणी होती आणि तिला ते आवडायचं नाही. चिडली की भराभर जेवायची. नाव वेगळं होतं पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून बाबांनी ठकी म्हटलं आणि तेच राहिलं. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल अशी करायची की आई भाकीत केल्यासारखी म्हणायची, तुझी नोकरी जाणार एक दिवस. डबा, खिडकी, बाबांचं पुढचं वर्ष, इस्त्री, सगळं. पातेल्यातलं पाणीही सांगितलं. तो उजेड छान वाटला तेही सांगितलं. त्याचे हात आपोआप वाळले. त्याला किती कळत होतं देव जाणे, मी काही पुस्तकातलं बोलत नव्हते. शेवटी मी गप्प झाले तेव्हा त्यानं ते नाव एकदा म्हणून बघितलं. ठ त्याला जमला नाही. मग उठला, हत्यारं पिशवीत भरली आणि रोजच्यासारखा दार ओढून गेला.

मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. कसलं काय. संध्याकाळभर मी घरातल्या घरात येरझारा घालत होते, आई म्हणाली, बस की एका जागी, पायाला भिंगरी लागलीय का. मी तिला विचारलं की उद्या काय म्हणू. ती म्हणाली, पटलं म्हण, माणसाला घरी जाऊ दे, त्यालाही कुणी असेल. मी म्हटलं, आणि पटलं म्हटलं की संपलं. ती म्हणाली, संपत असतं होय? आणि गादी घालायला लागली. तिचं बरोबर होतं. पण तिच्यापुरतं. तिच्यात संपणार नव्हतं, माझ्यातही संपणार नव्हतं. त्यांच्यात संपणार होतं, आणि मला ते नको होतं. नाही म्हटलं तर त्या माणसाला अडकवून ठेवायचं, हो म्हटलं तर त्या देशाला सोडून द्यायचं. एकाच शब्दाला दोघेही बांधलेले. असा कसला मेला करार करतात लोक.

सकाळी कारकून आला. बरोबर गवंडी, धुतलेला सदरा, दाढी केलेली, पिशवी दाराशी ठेवलेली. आई कट्ट्यावर बसली होती, तिच्या खिडकीत. उजेड नुसता ओतत होता. खोली चांगली झाली होती. खोलीत काही खोट काढावी असं खरंच काही नव्हतं, हे मी चष्मेवाली म्हणून सांगते. कारकून मधोमध उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, होतं तसं झालं का?

मी म्हटलं, नाही.

तो हबकला. मग आवाज मऊ करून म्हणाला की ताई, खिडकीचं असेल तर ते आपण आपापसात बघू. मी म्हटलं, खिडकी राहू दे, खिडकीला हात लावायचा नाही. आईनं माझ्याकडे बघितलं. मग काय राहिलं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला माणूस बदलून हवाय.

गवंड्याची मान खाली गेली. आई उठून उभी राहिली, अगं, काय बोलतेस, त्यानं तुझ्यासाठी एवढं. मी तिला हातानं थांबवलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि त्याला कळावं म्हणून सावकाश बोलले.

"तुमचं काम झालं. चांगलं झालं. तुम्ही घरी जा. तुमच्या देशाचं राहिलंय."

त्यानं मान वर केली. कारकून म्हणाला, अहो पण खोली तर पुरी झालीय, नवा माणूस येऊन करणार काय? मी म्हटलं, ते हे गवंडी सांगतील त्याला, जाणारा सांगतो ना येणाऱ्याला, तशी पद्धत आहे ना? कारकुनानं मान हलवली. मग तो नियम आठवायला लागला, खोली पुरी झाल्यावर माणूस बदलता येतो का, बघावं लागेल, वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, आणि विचारताना घरवाल्याचा शब्द प्रमाण आहे एवढंही विचारा. तो जाता जाता पुटपुटला की तुम्ही भलतंच लचांड माझ्या गळ्यात मारलंत. बरोबर होतं त्याचं. मला तरी कुठे माहीत होतं पुढे काय.

वरून होकार आला, पण त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. गवंड्याला बदली माणूस येईपर्यंत यावंच लागायचं, आणि काम तर नव्हतं. तो खोलीत कट्ट्यावर बसून राहायचा, नाहीतर झाडून काढलेली खोली पुन्हा झाडायचा. दुकानात माझ्या हातून दोन काचा फुटल्या. वाटायचं, आपण काय हे करून बसलो, एक भला माणूस होता, ज्यानं ऐकलं, आणि आता कुणीतरी नवं येणार, कपाळाला आठ्या घालून, भिंती ठोकून बघणार आणि म्हणणार, इथे तर सगळं ठीक आहे. पुन्हा फरशीपासून सुरुवात. मी जन्मभर फरश्या बदलून घेत बसणार, आणि गल्ली म्हणणार, त्या थोरलीचं डोकं फिरलंय. कदाचित फिरलंही असेल.

मग एका सकाळी मी दुकानात जायला निघत होते आणि दार वाजलं. उघडलं तर बाई. रंगारी. माझ्याच वयाची, जाडसर, हातात रंगाचे डबे आणि ब्रश, नाकावर चष्मा, त्याची एक काडी वाकलेली. मला आधी ती काडीच दिसली. गवंडी आतून आला. दोघं दारात समोरासमोर उभे राहिले आणि तो त्यांच्या भाषेत सांगायला लागला. मी बाजूला भिंतीला चिकटून उभी. त्यांच्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नाही. मी वाट बघत होते की आता हा भिंतीकडे बोट करील, छताकडे करील, त्या कोपऱ्याकडे करील. त्यानं कशाकडेच बोट केलं नाही. बोलत राहिला, हळू, एका लयीत, बरंच लांबलचक. मधेच त्यानं हात छातीपाशी धरून कुणाची तरी उंची दाखवली. मधेच हवेत इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरवला. आणि त्या सगळ्या अनोळखी शब्दांमध्ये एकदा, मग पुन्हा एकदा, मला ठकी ऐकू आलं. ठ बरोबर होता. रंगारणीनं हातातले डबे खाली ठेवले. तो थांबला. मग त्यानं आईला वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत येत होता.

बाई दारातच उभी होती. भिंतींकडे तिनं बघितलं नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि वर्गात शिकवलेल्या त्या पुस्तकी आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून विचारलं,

"ठकी कशी होती?"

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, मला कळलंही नव्हतं. तिनं मला खांद्यानं हलकेच बाजूला केलं.

"माझी धाकटी," आई म्हणाली. "ये, आत ये. बस. सांगते."

मला दुकानाला उशीर होत होता. मीही बसले.